नाव, गाव, लिपी

मी अक्षरं काढते. पुस्तकांची शीर्षकं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, दुकानांच्या पाट्या आणि अलीकडे बरेच देवनागरी लोगो. राहायला सांगलीत, शिक्षण कोल्हापूरला उपयोजित कलेचं. आज माझ्याकडे येणारी बहुतेक कामं अशा माणसांकडून येतात, ज्यांना मी कधी भेटलेले नाही आणि ज्यांच्याशी माझी कुणी ओळखही करून दिलेली नाही. डिझायनर मंडळी आपली कामं जिथे मांडतात त्या ऑनलाइन व्यासपीठांवर ही माणसं शोधत येतात, काम बघतात आणि मग मेल करतात. हे शोधणं कसं घडतं, त्यातल्या कुठल्या सोयींनी माझ्यासारख्या लहान गावातल्या लोकांना हात दिला, हे सांगावंसं वाटतं. कारण या सोयी दिसायला अगदी साध्या आहेत आणि म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं.

आमच्या क्षेत्रात काम पूर्वी ओळखीनंच मिळायचं. मुंबईच्या जे. जे.मधून बाहेर पडलेल्या मुलाचे वर्गमित्र जाहिरात संस्थांमध्ये असायचे, सीनियर असायचे. एकानं दुसऱ्याचं नाव सुचवलं की काम सुरू. आम्हा सांगली-कोल्हापूरकडच्या मुलांना ही साखळी नव्हती. काळ्या फाइलच्या प्लास्टिकच्या खिशांत कामं सरकवून आम्ही रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठायचो आणि दिवसभर लोअर परळपासून अंधेरीपर्यंत हिंडायचो. काही जण आपुलकीनं बघायचे, काही जण नंबर ठेवून जायला सांगायचे. फाइल बघणाऱ्याला त्याच आठवड्यात देवनागरी अक्षरांची गरज असेल तर काम मिळायचं. पण मी ऑक्टोबरात जाऊन यायचे आणि गरज फेब्रुवारीत निघायची. तोवर माझा नंबर कुठल्या डायरीत आहे, हे कुणाला आठवणार? काम चांगलं असणं आणि ते वेळेवर नजरेसमोर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या फेऱ्यांनी शिकवलं.

दुसरी अडचण नावाची होती. मराठीत अक्षरकारांची मोठी परंपरा आहे. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवला. कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षकं अशी काढली, की वर्तमानपत्रातल्या छोट्याशा जाहिरातीतही लोक त्यांचा हात ओळखायचे. अच्युत पालवांनी सुलेखन रंगमंचावर आणि रस्त्यावर नेलं. पण अशी थोडी नावं सोडली तर आपल्याकडची अक्षरं निनावीच राहिली. शिक्षण झाल्यावर मी एका छापखान्यात काम करत होते. लग्नपत्रिकेच्या तळाशी बारीक टायपात प्रेसचं नाव आणि फोन नंबर असायचा. वरचं ‘शुभविवाह’ कुणी काढलं, हे लिहायला पत्रिकेत जागाच नसायची आणि तशी रीतही नव्हती. कुणाला ते अक्षर फार आवडलं, तरी त्याचा माग काढत माझ्यापर्यंत येण्याची वाट नव्हती.

याच काळात एका मैत्रिणीनं बिहान्स दाखवलं. न्यूयॉर्कमध्ये स्कॉट बेल्स्की आणि मटियास कोरेया यांनी सुरू केलेलं हे व्यासपीठ २०१२च्या डिसेंबरात अ‍ॅडोबीनं विकत घेतलं. तिथे एकेका कामाचं सविस्तर पान करता येतं, त्याला ‘प्रोजेक्ट’ म्हणतात. ड्रिबल नावाचं दुसरं व्यासपीठ २००९मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावातून डॅन सीडरहोम आणि रिच थॉर्नेट यांनी सुरू केलं होतं. त्याची घडण निराळी. तेव्हा कामाची झलक ४०० बाय ३०० पिक्सेलच्या छोट्या चौकटीत दाखवावी लागायची. बास्केटबॉलवरून तिला ‘शॉट’ हे नाव. सुरुवातीची बरीच वर्षं तिथे काम मांडायला आधीच्या सदस्याचं आमंत्रण लागायचं. अ‍ॅप आणि आयकॉन करणाऱ्यांना ती चौकट फार मानवली. मला मात्र कच्च्या रेघेपासून छापलेल्या मुखपृष्ठापर्यंतचा सगळा प्रवास दाखवायचा होता, म्हणून मी लांब पानाचा मार्ग धरला.

तिथे गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती मजकुराची. माझं सगळं काम म्हणजे अक्षरं, पण त्या व्यासपीठाच्या लेखी ती सगळी चित्रं होती. मी ‘पाऊस’ कितीही देखणं काढलं, तरी शोधयंत्राला त्यात ‘पाऊस’ दिसत नव्हता. ते वाचणार पानाचं शीर्षक, वर्णन आणि टॅग. त्यात डीटीपीच्या जुन्या फॉन्टांची भर. छापखान्यात आम्ही ज्या पद्धतीनं मराठी टाइप करायचो, त्यात पडद्यावर देवनागरी दिसली तरी संगणकाच्या नोंदीत मागे रोमन अक्षरं आणि खुणा असायच्या. तो मजकूर उचलून वेबवर टाकला की निरर्थक खिचडी उमटायची. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो, म्हणून युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठीच जगात कुठेही शोधता येतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रोजेक्टचं शीर्षक मी मराठीत युनिकोडमध्ये आणि इंग्रजीत, असं दोन्ही भाषांत लिहिते. अक्षर काढण्याइतकीच ही आता माझ्या कामाची बाजू आहे.

टॅगची गंमत पुढची. ‘देवनागरी’ रोमन लिपीत लिहायचं तर लोक तीन-चार तऱ्हांनी लिहितात आणि तसंच शोधतात. मी त्या सगळ्या तऱ्हा टॅगमध्ये घालते. एका व्यासपीठावर मराठी टॅग काना-मात्रेपाशी तुटायचा. युनिकोडच्या वर्गवारीत काना, वेलांटी, मात्रा ही चिन्हं अक्षरांपेक्षा वेगळ्या गटात मोडतात. टॅगमध्ये ‘फक्त अक्षरं चालतील’ असा नियम करणाऱ्या प्रोग्रॅमरनं रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवली, तर आपला शब्द पहिल्याच मात्रेला संपतो. तिथे आम्ही काही जणांनी चिकाटीनं कळवलं, उदाहरणं दिली आणि पुढे ते दुरुस्त झालं. ज्या दिवशी ‘सुलेखन’ हा टॅग अख्खा टिकला, त्या दिवशी त्या टॅगखाली नागपूर, इंदूर, वाराणसी अशी कुठकुठची माणसं एका पानावर आली. तोवर आम्ही एकमेकांना ठाऊकच नव्हतो.

नंतर वाढत गेलेल्या सोयींपैकी मला सगळ्यात उपयोगी पडली ती माणसं शोधण्याची गाळणी. काम देणाऱ्याला क्षेत्र निवडता येतं, टायपोग्राफी, पॅकेजिंग, चित्रण वगैरे. साधनं निवडता येतात. देश आणि शहर निवडता येतं. आणि हा माणूस सध्या फ्रीलान्स काम घेतो का, हेही बघता येतं. प्रोफाइलवर ‘सांगली’ लिहावं की ‘मुंबई’, यावर आमच्या ग्रुपमध्ये बरीच चर्चा झाली होती. मुंबई लिहिलं तर वजन पडतं, असं अनेकांचं म्हणणं. मी सांगलीच लिहिलं. मुंबईच्या यादीत शेकडो जणांच्या गर्दीत मी कुठेतरी खाली असते. सांगली-कोल्हापूर भाग शोधणाऱ्याला मी लगेच दिसते. आणि असं शोधणारे असतात. हळद, बेदाणा, गूळ, चपला, साखर यांचे व्यवसाय करणाऱ्या इथल्याच घरांतली नवी पिढी वेष्टन नव्यानं करायला निघाली की तिला आपल्या भागातला, आपली बोली कळणारा डिझायनर हवा असतो. दोन गल्ल्या पलीकडच्या बेदाणा व्यापाऱ्याच्या मुलीनं मला ऑनलाइन शोधून काढलं. भेटल्यावर ती म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही इथेच राहता हे आम्हाला माहीतच नव्हतं.’’

उपलब्धतेची खूणही तशीच. काम घेऊ शकत नसेन तेव्हा मी ती बंद करते, हात मोकळा झाला की चालू करते. एवढ्यानं दोन्हीकडचा वेळ वाचतो. पूर्वी ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत जो मेळ बसायचा नाही, तो या एका खुणेनं बसतो.

आता एक काम जवळून सांगते, कारण त्यात या सगळ्या सोयी एकत्र आल्या. परदेशातल्या एका लहान प्रकाशन संस्थेला तिथल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी मराठी-इंग्रजी चित्रपुस्तकं काढायची होती. त्यांच्या पुस्तक-डिझायनरला मराठी येत नव्हतं. तिनं एक देवनागरी फॉन्ट निवडून नमुना पान केलं आणि ते वाचायला एका मराठी आईकडे दिलं. आई म्हणाली, शब्द बरोबर आहेत, पण हे हिंदी पुस्तक वाटतंय. डिझायनरला कळेना, अक्षरं तर तीच! मग तिनं बिहान्सवर ‘मराठी’ आणि ‘टायपोग्राफी’ असं शोधलं, देश भारत निवडला आणि माझ्या एका जुन्या प्रोजेक्टवर येऊन थांबली. त्या पानावर मी मोठ्या आकारात फक्त दोन अक्षरं मांडली होती: ल आणि श.

हिंदीतला ल उजवीकडच्या उभ्या दंडाला टेकून उभा असतो. आपला ल दंडाशिवायचा, दोन पाकळ्या शिरोरेषेखाली झुलत असलेला. हिंदीतल्या श ला वर गाठ असते. आपल्या श च्या डोक्यावर देठ असतो. महाराष्ट्र शासनानं २००९च्या आणि पुन्हा नोव्हेंबर २०२२च्या निर्णयात मराठीसाठी हीच रूपं, म्हणजे पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, प्रमाण धरली आहेत. मराठी शाळेत शिकलेल्या डोळ्याला हा फरक क्षणात खुपतो, भले तो शब्दांत सांगता न येवो. फॉन्टमध्ये दोन्ही रूपं ठेवून भाषा ‘मराठी’ निवडली की आपली रूपं आपोआप यावीत, अशी सोय ओपनटाइपच्या तंत्रात आहे. मात्र फॉन्ट करणाऱ्यानं ती घालावी लागते आणि पान लावणाऱ्यानं भाषेची निवड करावी लागते. हे सगळं मी त्या प्रोजेक्टखाली मराठीत आणि इंग्रजीत सविस्तर लिहून ठेवलं होतं.

त्या डिझायनरनं नंतर मला सांगितलं, की चित्रं तिला बऱ्याच जणांची आवडली होती. मेल मात्र मलाच केला, कारण तिला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या पानावर लिहिलेलं होतं. त्या पुस्तकांची शीर्षकं मी हातानं काढली आणि आतल्या मजकुरासाठी मराठी रूपं असलेला फॉन्ट सुचवला. अर्धे पैसे आगाऊ, उरलेले फाइल दिल्यावर, हक्क कशाकशापुरते ते लेखी. परदेशी ग्राहकाबरोबर काम करायची धास्ती त्या पहिल्या कामात गेली. आणि आणखी एक समजूत पक्की झाली: नुसतं सुंदर चित्र बघून लोक दाद देतात, पण काम द्यायला त्यांना तुमच्या विचाराची खात्री लागते. ती खात्री शब्दांत लिहिलेली असेल तरच शोधात सापडते.

यापुढचा अनुभव मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आमच्याकडे एक पेंटर काका आहेत. दूधसंघाच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रकची मागची फळी, तमाशाचे फलक असं सगळं त्यांनी रंगवलं. फ्लेक्स आला आणि त्यांचं काम आटत गेलं. मी त्यांच्या अक्षरांवर एक प्रोजेक्ट करायचं ठरवलं. खडूची पूड लावलेली दोरी ताणून ते भिंतीवर ओळी आखतात. मनगटाखाली काठीचा टेकू घेतात. सपाट ब्रश रंगात बुडवून डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी निपटतात, आणि ‘क’चा पोटाकडचा गोलावा एका झटक्यात खाली आणतात, मध्ये थांबले तर रंगाचा सांधा दिसतो. हा झटका मी फोटोंत टप्प्याटप्प्यानं पकडला, त्यांची ‘क’ ते ‘ज्ञ’ मुळाक्षरं कागदावर काढून घेतली.

प्रोजेक्ट मांडताना सहमालकाची सोय वापरली. एका कामावर अनेकांची नावं लावता येतात आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या पानावर ते काम दिसतं. त्यासाठी काकांचं प्रोफाइल हवं होतं. त्यांच्या मुलीनं ते तयार केलं, गाव लिहिलं, फोन नंबर घातला, ‘भिंत आणि पाटी रंगवणे’ असं क्षेत्र लिहिलं. हे करताना माझ्यासमोर दिल्लीच्या हनीफ कुरेशींचं उदाहरण होतं. त्यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ या उपक्रमात रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं फॉन्टच्या रूपात जतन केली आणि त्या फॉन्टना त्या-त्या पेंटरचीच नावं दिली. कलाकाराचं नाव त्याच्या अक्षराला कायमचं जोडणारी ही पद्धत मला फार न्यायाची वाटते.

बिहान्सवर संपादक मंडळी निरनिराळ्या विषयांच्या दालनांसाठी प्रोजेक्ट निवडतात. निवडलेल्या कामाला एक फीत लागते. आमचा हा प्रोजेक्ट तसा निवडला गेला. यंत्रानं लावलेल्या क्रमात सांगलीचा पेंटर कदाचित कधीच वर आला नसता, कारण तिथे आधीच ज्यांचे चाहते जास्त त्यांना पहिली दाद मिळते. माणसाच्या नजरेनं निवडलेलं दालन ही म्हणूनच मला फार मोठी सोय वाटते. निवड झाल्यावर लोक माझ्या पानावर आले तसे काकांच्याही पानावर गेले. पुण्यातल्या एका कॅफेच्या मालकानं सरळ काकांनाच फोन केला, भिंत रंगवायला बोलावलं, जाण्यायेण्याचं भाडं आणि मजुरी रीतसर ठरवून दिली. मुंबईतल्या उपयोजित कलेच्या काही विद्यार्थिनी सुट्टीत त्यांच्याकडे ब्रश शिकायला येऊन राहिल्या. काका त्यांना म्हणायचे, ‘‘पोरींनो, आधी ब्रश धुवायला शिका.’’ जन्मभर भिंतीवर दुसऱ्यांची नावं लिहिणाऱ्या माणसाला त्याच्या नावानं फोन येऊ लागले, हे बघताना झालेला आनंद मला माझ्या कुठल्याही कामानं दिलेला नाही.

याच वाटेनं चोऱ्याही होतात, हे मान्य करायला हवं. माझं एक शीर्षक रंग बदलून भलत्याच गावातल्या मिठाईच्या खोक्यावर छापलेलं मला सापडलं. तेव्हा कच्च्या रेखाटनांपासूनचे तारखांसह मांडलेले टप्पे कामी आले. समोरच्यानं ते बघून पैसे दिले. कृत्रिम बुद्धिमत्तेनं केलेली चित्रं वाढल्यापासून या टप्प्यांचं महत्त्व आणखी वाढलं आहे. अशा चित्रांत देवनागरी अनेकदा मोडकी उमटते, जोडाक्षरं भलतीच होतात, पण घाईत बघणाऱ्याला ते कळत नाही. अ‍ॅडोबीनं २०१९मध्ये सुरू केलेल्या कंटेंट ऑथेंटिसिटी इनिशिएटिव्हमधून, चित्र कुणी आणि कशानं केलं याची माहिती चित्रालाच जोडण्याची पद्धत पुढे आली. मी ती माहिती जोडते. हातानं काम करणाऱ्यानं ते हातानं केल्याचं दाखवावं, आणि कुणी यंत्राची मदत घेतली तर तेही सांगावं. बघणाऱ्याचा त्यावर हक्क आहे.

अधूनमधून महाविद्यालयांत बोलायला जाते तेव्हा मुलांना मी हेच सांगते. प्रत्येक कामाला स्वतःचं पान द्या. त्याचं शीर्षक युनिकोडमध्ये मराठीत आणि इंग्रजीत लिहा. कुठल्या लिपीत काम केलं, कुणासाठी केलं, कुठली अडचण सोडवली, ते चार-पाच वाक्यांत सांगा. आपलं खरं गाव लिहा. छायाचित्रकार, पेंटर, मुद्रक, ज्यांचा हात लागला त्या सगळ्यांची नावं लावा. काम घेत असाल तेव्हाच उपलब्धतेची खूण चालू ठेवा. बार्सिलोनात २०१४मध्ये सुरू झालेल्या ‘थर्टी सिक्स डेज ऑफ टाइप’सारख्या उपक्रमात रोज एक, अशी रोमन लिपीची सव्वीस अक्षरं आणि दहा अंक काढायचे असतात, त्यात भाग घ्या, आणि त्याच शिस्तीनं आपली मुळाक्षरंही काढून मांडा.

व्यासपीठं चालवणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे आणि मी ते त्यांना कळवतही असते. क्षेत्र, साधन, शहर यांच्या जोडीला लिपी आणि भाषा यांचीही गाळणी द्या. कुणाला मोडी हवी असेल, कुणाला कन्नड, कुणाला उर्दू, तर त्यांनी स्पेलिंगांच्या जंजाळात का हरवावं? ही एक रांग वाढवली तर बेळगावात मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिणारा पेंटर, गोव्यात कोंकणी पुस्तकं सजवणारी चित्रकार आणि मालेगावातला उर्दूचा कातिब या तिघांनाही काम शोधत मोठ्या शहरात जावं लागणार नाही. ती सोय येईपर्यंत ती माहिती आपण स्वतःच लिहायची आहे, प्रत्येक कामाखाली: नाव, गाव, लिपी.